कॅप्टन ओट्स : तट्टांच्या पागेपासून दक्षिण ध्रुवापर्यंत

अनवट

कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या शेवटच्या मोहिमेची हकिगत सांगितली जाते तेव्हा लॉरेन्स ओट्स बहुधा शेवटच्या एक-दोन परिच्छेदांत येतो, हिमवादळात तंबूबाहेर पाऊल टाकतो आणि नाहीसा होतो. त्या एका पावलाने त्याचे बाकीचे सारे आयुष्य झाकून टाकले आहे, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. म्हणून या धाग्यात त्याच्याविषयी सुरुवातीपासून लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

त्याचा जन्म १७ मार्च १८८० रोजी लंडनच्या पटनी भागात झाला. घराणे सधन होते आणि एसेक्स परगण्यातील गेस्टिंगथॉर्प येथे त्यांची मोठी वास्तू होती. ईटनच्या शाळेत तो घातला गेला खरा, पण प्रकृती साथ देईना म्हणून दोन वर्षांच्या आतच तेथून काढावा लागला. अभ्यासात त्याची गती बेताची होती आणि शुद्धलेखन तर जन्मभर कच्चेच राहिले. घोड्यांची जाण मात्र त्याच्या अंगातच होती. १८९६ साली वडील वारले आणि आई कॅरोलाइन हीच त्याच्या आयुष्यातील सर्वांत जवळची व्यक्ती राहिली. ध्रुवावर जाताना शेवटच्या तुकडीबरोबर त्याने जे पत्र मागे धाडले, तेही तिलाच.

१९०० मध्ये तो सहाव्या इनिस्किलिंग ड्रगून्स या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाला आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धावर गेला. मार्च १९०१ मध्ये केप वसाहतीतील अ‍ॅबरडीन गावाजवळ त्याची छोटी तुकडी बोअरांच्या माऱ्यात सापडली. शरण येण्याविषयी दोनदा निरोप आला आणि दोन्ही वेळा, आम्ही लढायला आलो आहोत, शरण जायला नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने धाडले. या चकमकीत गोळी लागून त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकासाठी त्याच्या नावाची शिफारस झाली, पण ते मिळाले नाही. हाड सांधले, पण तो पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे एक इंच आखूड राहिला आणि चालताना तो किंचित लंगडू लागला. वाचकांनी हा पाय लक्षात ठेवावा, कारण पुढे अकरा वर्षांनी तो पुन्हा या कथेत येणार आहे.

युद्धानंतर आयर्लंड, इजिप्त आणि मग हिंदुस्थान अशा त्याच्या नेमणुका झाल्या. हिंदुस्थानात त्याची पलटण महूच्या छावणीत होती. ज्या महूत १८९१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तीच ही छावणी. शांततेच्या काळातील छावणीचे आयुष्य त्याला रुचत नव्हते. शिकारी कुत्र्यांचा ताफा सांभाळण्यात त्याचा वेळ जाई, पण मन रमत नसे. स्कॉट दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी माणसे जमवत असल्याचे कळताच त्याने अर्ज केला. अर्ज करणारे आठ हजारांच्या घरात होते. ओट्सने मोहिमेच्या निधीला एक हजार पौंड दिले आणि शिवाय घोड्यांची जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली. एवढी मोठी वर्गणी देणाऱ्या घोडदळाच्या या कॅप्टनने ‘टेरा नोव्हा’ या जहाजावर साध्या खलाशाच्या बरोबरीने दोर ओढले, कोळसा उपसला आणि डेक घासला. सुरुवातीला त्याच्याकडे बिचकून पाहणारे खलाशी थोड्याच दिवसांत त्याला आपला मानू लागले. सहकारी त्याला ‘टायटस’ म्हणत आणि आरमारी मंडळींच्या त्या मेळाव्यात एकटाच लष्करी अधिकारी म्हणून ‘सोल्जर’ही म्हणत.

आता तट्टांविषयी, कारण ओट्सचे खरे काम तेच होते. घोड्यांतला इतका जाणकार माणूस हाताशी असूनही तट्टू विकत घ्यायला त्याला पाठवण्यात आले नाही. ते काम कुत्र्यांचा जाणकार असलेल्या सेसिल मीअर्सकडे होते. आधीच्या एका मोहिमेत गडद रंगाची तट्टे आधी मेली होती, म्हणून फिकट रंगाचीच घ्यावीत असे त्याला सांगण्यात आले होते. त्यामुळे निवड फार आखडली. न्यूझीलंडमध्ये ओट्सने ती एकोणीस तट्टे प्रथम पाहिली आणि त्याला धक्का बसला. कोणी वयस्क, कोणी लंगडे, कोणाची छाती अरुंद, कोणाला खूर धड नाहीत. इतकी मोडकी जनावरे एका जागी आपण कधी पाहिली नव्हती, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. मग लिटल्टन बंदरात त्याने स्वतःच्या खिशातून जादा चारा विकत घेतला आणि तो जहाजावर चढवला.

डिसेंबर १९१० च्या आरंभी जहाज भयानक वादळात सापडले. जहाज एका अंगावर कलंडले की तट्टांचे पाय घसरत. ओट्सने डॉक्टर अ‍ॅटकिन्सनला हाताशी घेऊन सारी रात्र त्या ओल्या, काळोख्या ठाणांत काढली आणि पडलेले जनावर पुन्हा उभे करण्यासाठी आपल्या अंगाचे बळ लावले. दोन दगावली, सतरा किनाऱ्याला लागली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप इव्हान्स या मुख्य तळावरच्या झोपडीला टेकून पागा बांधली गेली, तिथे सीलच्या चरबीवर पेटणारी चूल होती, आणि त्या चुलीपाशी ओट्स व रशियन मोतद्दार अँटन ओमेल्चेंको भुशाची गरम आंबोण शिजवत बसत. ध्रुवावरची हिवाळी रात्र कित्येक आठवडे सरत नाही. त्या रात्रीचा बराच भाग ओट्सने या पागेतच घालवला.

त्यांपैकी ‘क्रिस्तोफर’ नावाचे तट्टू अतिशय दांडगे होते आणि ते ओट्सने स्वतःकडे घेतले. त्याला जुंपायचे तर पुढचा एक पाय बांधून, तीन-चार माणसांनी त्याला खाली पाडून मगच पट्टे चढवावे लागत. एकदा चालू लागले की ते थांबवून चालत नसे, कारण पुन्हा जुंपणे अशक्य होई. त्यामुळे ओट्सबरोबरच्या माणसांना दुपारच्या खाण्यासाठीही थांबता येत नसे. याही तट्टाला त्याने महिनाभर नीट चालवले. १ नोव्हेंबर १९११ रोजी दहा तट्टे निघाली. मग चारा आणि बळ संपेल तशी ती एकेक करून मारण्यात आली. बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी चार दिवसांच्या वादळाने सर्वांना अडकवले आणि ९ डिसेंबरला उरलेल्या शेवटच्या पाचांना गोळ्या घालाव्या लागल्या. त्या संध्याकाळी मोहिमेतील डॉक्टर विल्सनने ओट्सचे अभिनंदन केले आणि स्कॉटने त्याचे आभार मानले. मोडकी म्हणून ज्यांची त्याने गणना केली होती, त्या जनावरांना त्याने ठरलेल्या जागेपर्यंत नेऊन पोचवले होते. माझ्या मते ओट्सच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हेच.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. ४ जानेवारी १९१२ रोजी शेवटची सोबतची तुकडी परत फिरली. स्कॉट, विल्सन, बॉवर्स, एडगर इव्हान्स आणि ओट्स असे पाचजण पुढे गेले. १७ जानेवारीला ते ध्रुवावर पोचले तेव्हा नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता. ओट्सने आपल्या रोजनिशीत अमुंडसेनविषयी मोकळ्या मनाने आदर व्यक्त केला. परतीच्या वाटेवर १७ फेब्रुवारीला इव्हान्स गेला आणि महिन्याभराने ओट्स.

दर्यावर्दी

लेख मनापासून आवडला. आपण पागेवर भर दिलात हे योग्यच केले. एक महत्त्वाची गोष्ट मात्र राहून गेली, ती मी लिहितो.

१९११ च्या फेब्रुवारीत परतीच्या वाटेसाठी शिधा व रॉकेल ठेवायला स्कॉट, ओट्स आणि इतर काहीजण गेले होते. ‘वन टन डेपो’ हा मुख्य साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा होता. तट्टे थकली होती, वारा असह्य होता. ओट्सचे म्हणणे असे की दुबळी तट्टे मारून त्यांचे मांस साठवावे आणि बाकीची घेऊन ठरलेल्या जागेपर्यंत जावे. जनावरांचे हाल आपण पुरेसे पाहिले, असे सांगून स्कॉटने नकार दिला. तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, असे ओट्सने त्याला तोंडावर सांगितले, असे त्या तुकडीतील नॉर्वेजियन ट्रिग्वे ग्रान याने नंतर सांगितले आहे. साठा ७९ अंश २९ मिनिटांवर, म्हणजे ठरल्यापेक्षा सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे ठेवला गेला. पुढच्या वर्षी स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचा शेवटचा तंबू या साठ्यापासून वीसेक किलोमीटरवर सापडला. साठा मूळ जागी असता, तर तो त्यांना शेवटच्या मुक्कामाच्या आधीच लागला असता.

तरी ओट्स प्रत्येक वेळी बरोबर होता, असे मी म्हणणार नाही. तट्टांच्या खुरांना बांधायच्या बर्फातल्या जाळीच्या तळव्यांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि ते बहुतेक सारे मुख्य तळावरच राहिले. प्रवासात एका तट्टाला तळवे बांधून पाहिले तर ते भुसभुशीत बर्फावर झपाट्याने चालू लागले. बाकीचे तळवे आणायला माणूस माघारी धाडला, तोवर मधला समुद्रावरचा बर्फ फुटून वाट बंद झाली होती. स्कॉटच्या रोजनिशीत ही हळहळ स्पष्ट दिसते.

अनवट

आपला मुद्दा मान्य आहे आणि तळव्यांचा उल्लेख मी करायला हवा होता. पण ओट्सचे स्कॉटशी पटत नव्हते हेही लपवण्याचे कारण नाही. आईला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्कॉटविषयी फार कठोर शब्द वापरले आहेत. एवढी नाराजी असूनही त्याने काम सोडले नाही आणि तट्टांच्या खुराकात एका दिवसाचीही हयगय केली नाही. मतभेद तोंडावर सांगायचा, निर्णय विरुद्ध गेला तरी हुकूम पाळायचा, आणि मनातली खंत फक्त आईला कळवायची, ही त्याची रीत होती. ती मला पूर्णपणे सैनिकाची वाटते.

शल्य

मी वैद्यकीय बाजूने थोडे लिहितो. त्या पाचजणांच्या शिध्यात पेमिकन (सुके मांस व चरबी यांचे मिश्रण), बिस्किटे, लोणी, साखर, कोको आणि चहा एवढेच होते. त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हते. जखम भरल्यावर राहणारा व्रण हा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने सांधलेला असतो, आणि ते कोलॅजेन टिकवायला क जीवनसत्त्व सतत लागते. ते महिनोन्‌महिने मिळाले नाही, तर वर्षांपूर्वी भरलेली जखमही पुन्हा उकलू शकते. ओट्सच्या मांडीची जखम अशी उकलली असावी, अशी शक्यता अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. त्याचा पुरावा आज मिळणे शक्य नाही, कारण त्याचा देह कधीच सापडला नाही. पण आखूड पायाने शेकडो किलोमीटर स्लेज ओढताना त्या मांडीवर किती ताण आला असेल, याची कल्पना कोणाही डॉक्टरला येईल.

पायांना हिमदंश झाला तो वेगळाच. गोठलेले पाऊल रात्री अंथरुणात थोडे उबेला येते, सुजते, आणि सकाळी तेच सुजलेले पाऊल गोठून कडक झालेल्या बुटात पुन्हा कोंबावे लागते. त्यात तासाहून अधिक वेळ जाई आणि बाकीचे तिघे थांबून राहत. दिवसाकाठी हातात असलेल्या मोजक्या तासांतला हा तास होता. त्यातच साठ्यांवरच्या डब्यांतले रॉकेल कमी भरू लागले, कारण झाकणाच्या चामडी वायसरांतून ते उडून गेले होते. रॉकेल कमी म्हणजे गरम अन्न कमी आणि वितळवलेले पाणीही कमी. तंबू आणि शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला, पाचवा माणूस वाढल्यावर स्वयंपाकालाच रोज अर्धा तास जास्त लागतो, असे स्कॉटने स्वतः नोंदवले आहे.

मला एकच गोष्ट समजत नाही. ध्रुवाकडे निघण्यापूर्वीच पाय कुरकुरत होता, तर ओट्सने ‘मी परत फिरतो’ असे का सांगितले नाही?

रानवाट

शल्य यांच्या प्रश्नाचे उत्तर अ‍ॅटकिन्सनच्या आठवणीत थोडेसे मिळते. ओट्सला पुढे जाण्याची फारशी इच्छा नसावी, असे त्याचे मत होते. पण स्कॉटने निवड केली आणि घोडदळाच्या प्रतिनिधीने ध्रुवावर जावे ही पलटणीची प्रतिष्ठा होती. अशा वेळी सैनिक पाय पुढे करत नाही, मान पुढे करतो.

माझी शंका वेगळी आहे. “मी जरा बाहेर जातो आहे, कदाचित थोडा वेळ लागेल,” हे त्याचे शब्द आपल्यापर्यंत केवळ स्कॉटच्या रोजनिशीतून पोचले आहेत. ते खरोखर असेच उच्चारले गेले, असे धरून चालावे का? आणि याला आत्मत्याग म्हणावे की आत्मघात?

अनवट

शब्द स्कॉटचेच आहेत हे खरे. पण विल्सननेही मरण्यापूर्वी ओट्सच्या आईला पत्र लिहिले आणि तिचा मुलगा तक्रारीचा एक शब्दही न काढता सैनिकासारखा गेला, असे तिला कळवले. विल्सनची भक्ती, त्याचा प्रामाणिक स्वभाव आणि तंबूतील अखेरची अवस्था पाहता, त्याने त्या आईला खोटे लिहिले असेल असे मला मुळीच वाटत नाही.

त्याग की आत्मघात, याबाबत आधीच्या घटनांचा क्रम पाहावा. ११ मार्चच्या सुमारास स्कॉटच्या सांगण्यावरून विल्सनने औषधाच्या पेटीतून प्रत्येकाला अफूच्या तीस गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे केवळ वेदना संपवायच्या असत्या, तर ते साधन ओट्सपाशी होते. पुढे तो एक दिवस, मला माझ्या स्लीपिंग बॅगेत इथेच ठेवून तुम्ही पुढे जा, असे सोबत्यांना म्हणाला. त्यांनी ते ऐकले नाही आणि त्याला घेऊन ते आणखी काही मैल चालले. त्या रात्री सकाळ पाहायला मिळू नये अशा इच्छेने तो झोपला. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर वादळ चालू होते. मग तो उठला. आपण जिवंत असेपर्यंत हे तिघे आपल्याला सोडणार नाहीत, हे त्याला आदल्या दिवशीच्या नकाराने कळून चुकले होते, म्हणून त्यांचा निर्णय त्याने स्वतःच्या हातात घेतला. ही १६ किंवा १७ मार्चची गोष्ट, स्कॉटला तारखेची खात्री उरली नव्हती. १७ मार्च असेल तर त्या दिवशी ओट्सला बत्तिसावे वर्ष पूर्ण झाले.

खूरताल

मी सैन्यात काही वर्षे खेचरांच्या तुकडीबरोबर काढली आहेत, म्हणून एक माहिती मुद्दाम देतो, कारण ती क्वचितच सांगितली जाते. तट्टांचा अनुभव घेतल्यावर ओट्सने सुचवले होते की पुढच्या हंगामासाठी हिंदुस्थानातून खेचरे मागवावीत. त्याप्रमाणे हिमालयात तयार झालेली सात खेचरे १९१२ च्या फेब्रुवारीत ‘टेरा नोव्हा’ने केप इव्हान्सला उतरवली. त्यांची नावे होती लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. ती तिथे पोचली तेव्हा ओट्स जिवंत होता, पण शेकडो किलोमीटर दूर, परतीच्या वाटेवर. त्याने स्वतः मागवलेली ही जनावरे त्याला पाहायला मिळाली नाहीत.

पुढे ऑक्टोबरअखेर शोधपथक निघाले ते हीच खेचरे घेऊन. त्यांनी आपला खुराक नाकारला, पण चहाचा चोथा, तंबाखूची राख, माणसांची बिस्किटे आणि दोराचे तुकडेही चघळले, असे मोहिमेतील चेरी-गॅरर्डने लिहून ठेवले आहे. हे वाचून मला हसू नव्हे, तर भरून आले. खेचर परक्या जागी बिथरले की पुढ्यातले खाणे सोडते आणि माणसाच्या अंगाला, हाताला ज्याचा वास येतो तेच आधी तोंडात घेते. हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी त्याच्याशेजारी बसून राहण्यावाचून दुसरा उपाय नसतो. ओट्स तिथे असता तर तो बसला असता.

अनवट

खूरताल, या माहितीबद्दल आपले मनःपूर्वक आभार. शोधपथकाने पुढे काय पाहिले ते लिहितो, म्हणजे रानवाट यांच्या शंकेलाही थोडे उत्तर मिळेल.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी खेचरांच्या तुकडीबरोबर पुढे चालणाऱ्या राइटला बर्फातून वर आलेले तंबूचे टोक दिसले. आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स होते. त्यांच्यावर तंबू तसाच उतरवून बर्फाचा ढीग रचल्यावर पथक ओट्सच्या शोधात दक्षिणेकडे गेले. देह मिळाला नाही. त्यांनी अंदाजाने एक ढीग रचला, त्यावर क्रूस उभा केला आणि इनिस्किलिंग ड्रगून्सचा कॅप्टन ओट्स हा अत्यंत शूर सद्‌गृहस्थ सोबत्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात आपणहून वादळात चालत गेला आणि इथेच कुठेतरी मरण पावला, अशी नोंद तेथे ठेवली.

वाटेत त्यांना त्याची स्लीपिंग बॅग सापडली. सोबत्यांनी, तो कदाचित कुठे सापडेल या आशेने, ती काही अंतर बरोबर ओढून आणली होती. बॅगेबरोबर कोन मोजण्याचे थिओडोलाइट होते, मोजे होते, आणि रेनडियरच्या कातड्याचे त्याचे बूट होते. त्यांतला एक बूट समोरून, दोरी ओवायच्या चामडी फासांपर्यंत, सरळ चिरलेला होता. सुजलेले पाऊल आत जावे म्हणून कोणीतरी, बहुधा त्यानेच, तो कापला होता. बूट मागे राहिले होते, म्हणजे तो ते न घालताच बाहेर पडला होता.

त्याच्या पलटणीतील सहकारी अधिकाऱ्यांनी गेस्टिंगथॉर्पच्या चर्चमध्ये त्याच्या नावाचा पितळी फलक बसवला. तो घासून लखलखीत ठेवायला त्याची आई दर आठवड्याला स्वतः चर्चमध्ये जाई. १९३७ साली ती वारली.